खाणीखालच्या बंधाऱ्यातला गाळ शेतात टाकावा का?

वाचकाचं पत्र : आमची शेती जोयडा तालुक्यात, रामनगरच्या बाजूला. गावाच्या वरच्या अंगाला मँगनीजची जुनी खाण आहे. ती बंद पडून बरीच वर्षं झाली, पण मातीचे ढिगारे तसेच पडून आहेत. तिथून येणाऱ्या ओहोळावर खाली लहान बंधारा आहे, तो गाळाने भरलाय. येत्या उन्हाळ्यात गाळ उपसून शेतकऱ्यांनी वाटून घ्यायचा, एकराला चाळीस ट्रॉल्या टाकायच्या, असं गावात ठरतंय. गाळ काळसर, मऊ, लोण्यासारखा आहे. पण ओहोळातले दगड काळे पडलेत आणि काठच्या विहिरीच्या पाण्याने पांढरे कपडे डागाळतात. सॉइल हेल्थ कार्डमध्ये सगळं ‘पुरेसं’ आलंय. गाळ घ्यावा का? तपासायचा तर कसा? मुलं बंधाऱ्यात मासे आणि खेकडे धरतात, ते चालेल का?

उत्तर :

गाळाचं नंतर बोलू. आधी विहीर, कारण ते पाणी रोज पोटात जातंय.

कपड्यांवरचे डाग तांबूस असतील तर लोखंड आणि काळपट-तपकिरी असतील तर मँगनीज, हा ढोबळ पण बऱ्यापैकी खरा ठोकताळा आहे. विहिरीतून काढताना पाणी स्वच्छ दिसतं, कारण मँगनीज विरघळलेलं असतं. हवा लागली की ते काळं होऊन बसतं. पंचायतीने ब्लीचिंग पावडर टाकली की पाणी गढूळ-काळपट होतं का, ते विचारून पाहा. होत असेल तर शंका आणखी पक्की. डाग काढायला ब्लीच वापरू नका, त्याने मँगनीज धाग्यात आणखी घट्ट बसतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) मँगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. शिशाची मर्यादा ०.०१ आणि कॅडमियमची ०.००३. चाचणीसाठी दोन बाटल्या द्या : एक तशीच भरलेली आणि एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेली, दोन्हींत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकलेले. बाटल्या, फिल्टर आणि आम्ल लॅबकडूनच मागून घ्या. घरातल्या मिनरल वॉटरच्या बाटलीत नमुना नेऊ नका. गाळलेलं आणि न गाळलेलं अशी जोडी नसेल तर पाण्यातल्या मातीच्या कणांतला धातूही पाण्याच्या नावावर चढतो आणि रिपोर्ट उगीच भयंकर येतो. रिपोर्ट येईपर्यंत तान्ह्या बाळाची पावडर किंवा पेज या पाण्यात करू नका. उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं, धातू तेवढाच राहतो. कँडलचा फिल्टरही विरघळलेला धातू अडवत नाही. आरओ अडवतो.

मासे धरू द्यायला तूर्त हरकत नाही, पण आतडी, कल्ले आणि यकृत काढून टाकायचं, कारण पाऱ्याखेरीज बहुतेक धातू तिथे साठतात, मांसात कमी. खेकडे, शिंपल्या आणि गोगलगायी मात्र थांबवा. त्या गाळातच राहतात आणि गाळातलंच खातात. मुलांनी घरी येऊन हात-पाय धुवावेत, नखांतला गाळ काढावा. शिशाची सुरक्षित पातळी मुलांच्या बाबतीत कुणालाच सापडलेली नाही, म्हणून इथे थोडी जास्तच काळजी घ्यायला सांगतोय.

आता गाळ. चाचणी झाल्याशिवाय एकही ट्रॉली शेतात नेऊ नका. हे इतकं ठासून का सांगतोय, ते हिशेबाने पाहा.

एक ट्रॉली म्हणजे साधारण एक ब्रास, १०० घनफूट. चाळीस ट्रॉल्या म्हणजे ११३ घनमीटर. एकरभर पसरल्या तर पावणेतीन सेंटीमीटरचा थर होतो आणि कोरड्या गाळाचं वजन भरतं अंदाजे १३६ टन. नांगराखाली येणारी वरची १५ सेंटीमीटर माती एकरात साधारण ८५० टन असते. समजा, तुमच्या मातीत किलोमागे ०.३ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि गाळात ३. दोन्ही मिसळल्यावर मातीतलं कॅडमियम ०.६७ होतं, म्हणजे एका उन्हाळ्यात दुपटीहून जास्त. फवारलेलं औषध काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत विघटित होतं. कॅडमियमचं विघटन होत नाही. पुढची पिढी कसेल तेव्हाही ते तिथेच असेल. जपानात जिंझू नदीकाठी कामिओका खाणीतलं कॅडमियम पाटाच्या पाण्यावाटे भातखाचरांत गेलं. १९६८ मध्ये सरकारने ‘इताई-इताई’ हा त्यातून झालेला आजार प्रदूषणाचा म्हणून मान्य केला, आणि खाचरांची माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं. ती खाण जस्त-शिशाची होती, तुमची मँगनीजची, म्हणजे धोका तसाच असेल असं नाही. पण शेतात गेलेली माती परत काढायला काय पडतं, ते यावरून कळतं.

सॉइल हेल्थ कार्डावर या बाबतीत विसंबू नका. त्यात १२ गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल, कोबाल्ट त्यात नाहीतच. शिवाय कार्डावरचं मँगनीज डीटीपीए द्रावणात सुटणारं, म्हणजे पिकाला मिळण्याजोगं असतं, एकूण नव्हे. ‘पुरेसं’चा अर्थ पिकाला कमी पडत नाही, एवढाच. जास्त झालंय का, हा प्रश्न त्या कार्डाने विचारलेलाच नाही.

काळे दगड पाहून घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. तो थर मँगनीज ऑक्साइडचा असावा. मेडिकलमधून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा आणि दगडावर चार थेंब टाका. लगेच जोरात फसफसलं तर मँगनीज आहे. कुजलेल्या पाल्यानेही थोडं फसफसतं, म्हणून दगड आधी घासून धुवा. नारिंगी, चिकट साका असेल तर गोष्ट वेगळी : तिथे गंधकी खनिज कुजून आम्लपाणी सुटत असू शकतं. सामू-कागदाने ओहोळाचं पाणी पाहा. ५ च्या खाली आलं तर थांबा आणि आधी तज्ज्ञाला दाखवा. मँगनीजचं धातुक बहुधा ऑक्साइड असतं, त्यामुळे आम्लपाण्याची भीती सोन्याच्या किंवा तांब्याच्या खाणीपेक्षा कमी असते. पण मँगनीज ऑक्साइडची एक खोड आहे, ते स्पंजासारखं वागतं. कोबाल्ट, निकेल, शिसं, बेरियम असे दुसरे धातू अंगाला चिकटवून धरतं. म्हणून फक्त मँगनीज मोजून भागत नाही.

नमुना कसा घ्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. लॅब कितीही चांगली असली तरी चुकीच्या नमुन्याचा रिपोर्टही अचूकच येतो, अचूक आणि निरुपयोगी.

बंधाऱ्यातला गाळ म्हणजे वर्षावर्षाचे थर. खाण चालू होती तेव्हाचा गाळ खाली आहे, अलीकडचा वर. वरून खुरप्याने चार मुठी माती घेतली तर ती बहुधा निदान त्यातल्या त्यात स्वच्छ असेल. जेसीबी मात्र तळापर्यंत जाणार आणि खालचा थरच शेतात येणार. म्हणून पाइपने उभा नमुना घ्या. अडीच इंची पीव्हीसी पाइप, दीड मीटर लांब, एक कड तासून धारदार केलेली. ओल्या गाळात उभा धरून लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठोका. पुरेसा आत गेल्यावर वरून काठोकाठ पाणी भरा, रबरी बूच घट्ट बसवा आणि हलवत हलवत वर ओढा. बूच सैल असेल तर खालचा अर्धा गाळ सुटून पडतो आणि आपल्याला कळतही नाही. ओढण्याआधी पाइपच्या वरच्या कडेपासून बाहेरच्या गाळाची पातळी किती खाली आहे आणि आतल्या गाळाची किती, दोन्ही मोजा. बाहेर ६० सेंटीमीटर आणि आत ८० असेल तर गाळ दबलाय, खोली त्या प्रमाणात धरायची. पाइप हॅकसॉने उभा चिरा. पाइपला लागलेला कडेचा एक सेंटीमीटर गाळ टाकून द्या, कारण ठोकताना वरचा गाळ भिंतीला घासत खाली जातो. मग तीन तुकडे करा : वरचा, मधला आणि तळाचा. रंग बदलतो तिथे कापा, फूटपट्टीने सारखे भाग पाडू नका.

बंधाऱ्यात असे तीन ठिकाणी पाइप घ्या : भिंतीजवळ, मध्यभागी आणि ओहोळ शिरतो तिथे. पैसे वाचवायचे तर तिन्हींचे वरचे तुकडे एकत्र, मधले एकत्र, तळाचे एकत्र करा. तीन नमुने झाले. ढिगाऱ्याच्या पायथ्याचा एक. ज्या शेतात टाकायचा त्या शेताचा एक. तळाच्या नमुन्याचे दोन भाग करून वेगवेगळ्या नावांनी पाठवा, लॅबला न सांगता. दोन्हींचे आकडे फार लांब आले तर बाकीच्यांवरही विश्वास ठेवता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, ज्यांचा बहुतेकांना विसर पडतो, ते वरच्या अंगाचे तीन नमुने. खाणीचं पाणी जिथे येत नाही अशा शेजारच्या ओहोळातून, पण त्याच डोंगराच्या त्याच खडकावरून. खाण मुळात तिथे झाली कारण तिथल्या दगडात मँगनीज होतं. न खोदलेल्या उतारावरची मातीही मँगनीजने भरलेली असू शकते. ती आपली मूळ पातळी. तिच्याशी तुलना केल्याशिवाय ‘प्रदूषण’ हा शब्द वापरता येत नाही.

नमुने घ्यायला डिसेंबर-जानेवारी बरा : पूर ओसरलेला असतो, गाळ अजून ओला असतो. प्लास्टिकचा डबा आणि प्लास्टिक किंवा लाकडी उलथनं वापरा. जस्ताची बादली आणि लोखंडी घमेलं लांब ठेवा. गाळ प्लास्टिकच्या कागदावर सावलीत वाळवा. उन्हात किंवा भट्टीजवळ ठेवला तर पारा उडून जातो. ढेकळं लाकडी लाटण्याने फोडा आणि नायलॉनच्या चाळणीने चाळा. पितळी चाळणीने तांबं-जस्त मिसळतं आणि ते खाणीच्या माथी जातं. ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. असं करत अर्धा किलो उरेपर्यंत चाला.

लॅबला ६३ मायक्रॉनखालचा भाग तपासायला सांगा. धातू बारीक चिकणमातीला चिकटतात, वाळूला नाही. शेजारच्या ओहोळातली वाळू आणि बंधाऱ्यातला लोण्यासारखा गाळ तसेच तोलले तर खाणीचा दोष नसतानाही गाळ दूषित दिसणार. ॲल्युमिनियमही मोजायला सांगा, ते चिकणमातीचं माप आहे. समजा, शेजारच्या ओहोळात मँगनीज किलोमागे १२०० मिलिग्रॅम आणि ॲल्युमिनियम ८ टक्के, तळाच्या गाळात ९६०० आणि १० टक्के. मँगनीजला ॲल्युमिनियमने भागलं तर ओहोळात १५० आणि गाळात ९६० येतात. ९६० भागिले १५०, म्हणजे ६.४ पट. नुसते आकडे पाहिले असते तर आठ पट दिसलं असतं. मागायचे धातू : मँगनीज, लोह, ॲल्युमिनियम, आर्सेनिक, कॅडमियम, कोबाल्ट, क्रोमियम, तांबं, पारा, निकेल, शिसं, जस्त. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब घ्या आणि मान्यतेच्या यादीत माती किंवा गाळ यांतले हे धातू आहेत का ते पाहा. पुष्कळदा मान्यता फक्त पाण्यासाठी असते. सगळे नमुने एकाच लॅबमध्ये, धातू विरघळवायच्या एकाच आम्लपद्धतीने. प्रमाणित संदर्भमातीवर (जिच्यातले धातू आधीच ठाऊक असतात) त्यांचं उत्तर किती टक्के बरोबर आलं, हेही रिपोर्टमध्ये लिहून मागा. सामू आणि सेंद्रिय कर्ब धारवाडच्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात तपासून घेता येतो.

रिपोर्ट हातात आला की लोक मर्यादा शोधतात. २००० साली मॅकडोनाल्ड, इंगरसोल आणि बर्जर यांनी गोड्या पाण्यातल्या गाळासाठी दिलेले आकडे सगळीकडे वापरले जातात : शिसं ३५.८ आणि १२८, कॅडमियम ०.९९ आणि ४.९८, आर्सेनिक ९.७९ आणि ३३, किलोमागे मिलिग्रॅममध्ये. पहिल्याच्या खाली सहसा त्रास नाही, दुसऱ्याच्या वर बहुधा आहे. पण तो त्रास गाळात राहणाऱ्या किड्या-जिवांना, पिकाला किंवा माणसाला नव्हे. शिवाय निपाणी, चिकोडी, बेळगावच्या उत्तरेकडच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं : दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये तांबं मुळातच सहज १०० ते २०० असतं आणि निकेल-क्रोमियमही भरपूर. त्या यादीत तांब्याची पहिली रेघ ३१.६ वर आहे. म्हणजे खाण नसलेल्या गावचा ओढाही तिथे नापास होतो. तुमच्या जोयड्याकडे खडक वेगळा आणि वर जांभा, म्हणून तुमची मूळ पातळी तुमच्याच डोंगरावरून ठरवायची. शेतात टाकायच्या दृष्टीने जवळचं माप म्हणजे खत नियंत्रण आदेशातली शहरी कंपोस्टची मर्यादा : शिसं १००, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, निकेल ५०, जस्त १०००, पारा ०.१५. पण कंपोस्ट एकरी काही टन पडतं आणि तुम्ही १३६ टन टाकणार आहात. त्यामुळे या मर्यादेच्या बऱ्याच खाली असलेलाच गाळ आम्ही ‘चालेल’ म्हणू.

शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा मूळ पातळीच्या दीडपटीच्या आत असतील आणि मँगनीजही फार वर नसेल तर गाळ घ्या, पण चाळीसऐवजी पंधरा-वीस ट्रॉल्या. पालेभाजीच्या वाफ्यात नको.

फक्त मँगनीज जास्त असेल तर प्रश्न सामूचा आहे. जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते आणि साडेपाचच्या खाली मँगनीज विरघळून मुळांना लागतं. इथे एक फसगत होते. भात मँगनीज खूप सोसतं, त्यामुळे पहिल्या वर्षी पीक उत्तम दिसतं आणि गाव खूश होतं. भातखाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि घट्ट बसलेलं मँगनीज ऑक्साइड विरघळतं. भात काढल्यावर त्याच ओलीवर कडधान्यं घेतली की जुन्या पानांवर तपकिरी ठिपके, पानं सुरकुतलेली, वाढ बसलेली. शेतकरी तो रोग समजून फवारणी करतो. असा गाळ घ्यायचाच असेल तर थोडा, आणि सामू ६ ते ६.५ ला ठेवून. शेतीचा चुना सरीत, हेक्टरी २ ते ४ क्विंटल, दर हंगामी, मातीपरीक्षणावर कमी-जास्त. चुन्याने मँगनीज, शिसं, कॅडमियम दबतात. आर्सेनिक मात्र उलट मोकळं होतं, म्हणून आर्सेनिकचा आकडा पाहिल्याशिवाय चुना ओतू नका.

शिसं, कॅडमियम, आर्सेनिक किंवा पारा यांतलं काहीही शेतात टाकायच्या मर्यादेजवळ असेल तर तो थर हलवू नका. ‘चांगल्या मातीत मिसळून पातळ करू’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, वरचा हिशेब त्याचंच उत्तर आहे. वरचा थर स्वच्छ आणि तळाचा खराब निघाला तर वरचाच काढा, खोलीची खूण बांबू रोवून करा आणि जेसीबीवाल्याच्या शेजारी माणूस उभा ठेवा.

ढिगारा तसाच राहिला तर बंधारा पुन्हा भरणार, आणि जोयड्याच्या पावसात फार वर्षं लागणार नाहीत. ढिगाऱ्याच्या वरच्या कडेने चर खणून डोंगराचं पाणी बाजूने वळवा, म्हणजे ते ढिगाऱ्यातून झिरपत येणार नाही. पायथ्याला जाळीत भरलेल्या दगडांचा बांध, त्याच्या मागे गाळ बसायला खड्डा, आणि उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी. वाळ्याची मुळं खोल जातात आणि धातू त्याला फारसे मारत नाहीत. ढिगारा वनजमिनीत किंवा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर हे काम आणि तिथला नमुना, दोन्हींना वनखात्याची लेखी परवानगी लागते. आधी अर्ज, मग फावडं. कारवारला जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. खाणबाधित गावांचं पिण्याचं पाणी आणि पर्यावरण ही त्यातली प्राधान्याची कामं आहेत. ग्रामसभेचा ठराव, विहिरीचा रिपोर्ट आणि गाळाचा रिपोर्ट जोडून अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत गावासाठी ठेवा आणि पोच घ्या. खाण बंद करतानाचा आराखडा खाण व भूविज्ञान खात्याकडे माहितीच्या अधिकारात मागा. ढिगारे कुणी आणि कसे बांधून द्यायचे होते, ते त्यात लिहिलेलं असायला हवं.